दुसऱ्याचा माल, आपला शब्द

मी मुरगूडहून बोलतेय. बचत गटांची समन्वयक म्हणून दर वेळी मी तुमच्याशी कर्जाच्या हप्त्याबद्दल, बचतीबद्दल, वहीतल्या हिशेबाबद्दल बोलते. आजचा विषय जरा वेगळा आहे, आणि त्याची सुरुवात माझ्या एका चुकीपासून करणार आहे.

आमच्या गावात अंगणवाडीच्या एक बाई आहेत. वयाच्या पासष्टीला निवृत्त झाल्या. निम्म्या गावानं पहिली पाटी त्यांच्यासमोर धरली आहे. निवृत्त होताना हातात जी रक्कम आली ती घराच्या पत्र्यात आणि नातीच्या ॲडमिशनमध्ये गेली. दर महिन्याला हातात पडेल अशी पेन्शन नाही. गणपती झाल्यावर गटाची बैठक होती. बैठक संपली तरी बाई उठल्या नाहीत. मला म्हणाल्या, "अगं, माझी भाची सांगत होती, मोबाइलवर कंपनीच्या मालाची लिंक टाकली आणि त्यावरून कुणी खरेदी केली तर आपल्याला कमिशन मिळतं. गुडघ्यामुळं मला आता बाहेर हिंडायला होत नाही, पण हे बसून करता येईल. तू शिकलेली आहेस. कुठला माल घेऊ ते सांग."

मी बी.ए. झालेली. हिशेब येतो याचा थोडा तोराही होता. मी वहीत तीन रकाने पाडले: मालाचं नाव, किंमत, कमिशन. भांड्यांवर शेकडा 5, कपड्यांवर 8 आणि एका पावडरीवर शेकडा 30. पावडरीचा डबा 1200 रुपयांचा. म्हणजे एका डब्याला 360 रुपये. मी त्या ओळीखाली पेनानं रेघ मारली आणि म्हटलं, "बाई, हेच घ्या."

पावडर कसली, तर "शुगर मुळापासून घालवणारी". महिन्याभरात बाईंच्या शब्दावर पाच डबे गेले. 1800 रुपये मिळाले. बाईंनी मला पेढे दिले.

दसरा झाला आणि त्या पाचांपैकी एका मावशींना चक्कर येऊन त्या पडल्या. दवाखान्यात कळलं की पावडर घेतोय म्हणून त्यांनी डॉक्टरांच्या गोळ्या पंधरा दिवस बंद ठेवल्या होत्या. साखर खूप वाढली होती. वेळेवर नेलं म्हणून वाचल्या. चार दिवसांनी त्यांचा मुलगा बाईंच्या दारात येऊन उभा राहिला. हाच मुलगा लहानपणी त्यांच्या अंगणवाडीत होता. तो भांडला नाही, आवाजही चढवला नाही. एवढंच म्हणाला, "बाई, तुम्ही सांगितलं म्हणून आईनं घेतलं. नायतर तिनं कवा असलं काय घेतलं न्हवतं."

बाईंनी पाचही जणींचे पैसे परत करायचं ठरवलं. उघडलेला डबा विकणारा परत घेत नव्हता. 6000 रुपये द्यायचे, मिळालेले 1800. खिशातून जाणार 4200. त्यातले निम्मे मी दिले. बाई नको म्हणत होत्या, पण वहीतली ती रेघ माझ्या हातची होती.

त्यानंतर आम्ही दोघी परत वही घेऊन बसलो, आणि या वेळी शेवटच्या रकान्यापासून सुरुवात केली नाही. त्यातून जे शिकलो ते आज तुम्हाला सांगते. कारण आता अनेक गटांत हा प्रश्न येतोय. निवृत्त शिक्षिका, नर्स, सेविका, कुणाचे मालक एसटीतून किंवा साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. हातात मोबाइल आहे, वेळ आहे, आणि चार पैशांची गरज आहे.

आधी हा धंदा काय आहे ते समजून घेऊ. याला अफिलिएट म्हणतात. आपल्याला तो नवीन वाटतो, पण आपल्या कोल्हापूरला तो परका नाही. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाचा व्यापार तिथं वाढला. गुळाचा अडत्या काय करतो? गूळ शेतकऱ्याचा, पैसे व्यापाऱ्याचे. अडत्याची अडत तेवढी असते. पण ढेप उघडल्यावर आत खराब निघाली की लोक नाव अडत्याचंच घेतात. मोबाइलवरही तसंच आहे. माल कंपनीचा, पैसे गिऱ्हाइकाचे, आणि मध्ये आपला शब्द.

कंपनी आपल्याला आपली वेगळी लिंक देते. त्या लिंकवरून कुणी खरेदी केली की ती आपल्या नावावर मोजली जाते. सहसा गिऱ्हाइकाला त्यासाठी जास्त किंमत पडत नाही, कमिशन कंपनी देते. माल आणायचा नाही, साठवायचा नाही, उधारी वसूल करायची नाही. मीशोसारख्या कंपनीवरून 2015 नंतर कितीतरी बायकांनी साड्या-कुर्त्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकून, त्यावर आपला नफा लावून विक्री केली. ते थोडं वेगळं, त्यात किंमत आपण ठरवतो. अफिलिएटमध्ये आपण फक्त सुचवतो.

आता माल कसा निवडायचा. पीठ चाळतो तसा माल चाळायचा. आम्ही सहा चाळण्या केल्या.

पहिली चाळण: यातलं मला कळतं का? बाई इतकी वर्षं लहान मुलांत राहिल्या. कुठलं खेळणं दोन दिवसांत मोडतं, कुठल्या पुस्तकातली चित्रं मूल परत परत मागतं, कुठल्या डब्याचं झाकण चार वर्षांच्या हाताला उघडतं, हे त्यांना कंपनीपेक्षा जास्त कळतं. पावडरीतलं त्यांना काय कळत होतं? काहीच नाही. आमच्या गल्लीत एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक अण्णा आहेत. त्यांनी साड्यांच्या लिंका टाकल्या तर कोण बघणार? पण पाने, ग्रीस गन, बॅटरी, ताडपत्री याबद्दल ते बोलले की गावातले ट्रॅक्टरवाले ऐकतात. निवृत्त माणसाकडं भांडवल नसतं, पण तीस वर्षांची पारख असते. ती ज्या मालात आहे तोच माल आपला.

आणि आपल्या भागाची पारखही धरा. 2025 च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. ओरड झाल्यावर त्यांनी ते मान्य केलं. तेव्हापासून पुण्या-मुंबईचे पाहुणे विचारतात, खरी कोल्हापुरी कुठली? मोबाइलवर रेक्झिनची चप्पलही कोल्हापुरी म्हणून विकतात. चामड्याच्याच वादीनं शिवलेली, बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेल्या कातड्याची चप्पल आपण हातात धरल्यावर ओळखतो. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे आणि ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकच्या चार जिल्ह्यांना मिळून आहे. ही माहिती सांगून जो माल सुचवाल, त्याला वजन येतं.

दुसरी चाळण: माझ्या माणसांना हे लागतं का आणि परवडतं का? आपली लिंक बघणार कोण? आपले नातेवाईक, शेजारी, जुने विद्यार्थी, गटातल्या बायका. त्यांच्या घरात काय लागतं ते बघा. पंधरा हजारांच्या यंत्रावर कमिशन चांगलं दिसतं, पण आपल्या ओळखीत ते घेणार किती? आणि एखादीनं आपल्या भिडेखातर गटाचं कर्ज काढून घेतलं तर? भिडेनं झालेली विक्री एकदाच होते. पुढच्या वेळी ती बाई आपल्याला बघून रस्ता बदलते.

तिसरी चाळण: आजार आणि पैसा, या दोन गोष्टींना हात लावायचा नाही. शुगर, बीपी, वजन, गुडघे, मूल होणं, यावरच्या कुठल्याही पावडरीची, काढ्याची लिंक नको. यात कायदाही आहे. 1954 सालापासून आपल्या देशात मधुमेह, रक्तदाब अशा आजारांवर "हे घ्या, बरे व्हाल" अशी जाहिरात करायला बंदी आहे आणि त्यात तुरुंगाचीही शिक्षा आहे. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तसंच कर्जाची ॲप, शेअरच्या टिपा, दामदुप्पट योजना. शेअरबाजाराचा सल्ला देण्याचा धंदा करायला सेबीची नोंदणी लागते. ज्यावर कमिशन फार जास्त दिसतं, तिथं थांबून विचारा की हा माल आपोआप का खपत नाही? कंपनीला आपल्यासारख्यांना एवढं का द्यावं लागतंय?

चौथी चाळण: वस्तूवरची खूण. 1 जानेवारी 2021 पासून लहान मुलांच्या खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची झाली. घरगुती प्रेशर कुकरवरही ती लागते. त्या खुणेजवळ परवान्याचा नंबर असतो. तो बीआयएस केअर नावाच्या मोफत ॲपमध्ये टाकला की परवाना खरा आहे का ते कळतं. खाण्याच्या पाकिटावर एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर बघायचा. आपल्या गटाची चटणी विकताना आपण हे सगळं करतो ना? मग दुसऱ्याच्या मालाला सूट कशाला? बाई आता फोटो मोठा करून नंबर शोधतात. नाही सापडला तर माल यादीत घेत नाहीत.

पाचवी चाळण: बिघडलं तर काय? आधी बघा, आपल्या पिन कोडला तो माल येतो का. पैसे घरी आल्यावर देता येतात का. परत करायची मुदत किती, आणि परत न्यायला माणूस येतो की आपणच कुरिअरला जायचं. दुरुस्तीचं केंद्र कोल्हापुरात, निपाणीत आहे की थेट पुण्यात. मोबाइलवर पाच तारे दिसतात त्यावर जाऊ नका. एक आणि दोन तारे देणाऱ्यांनी काय लिहिलंय ते वाचा. दहा जणांनी एकच तक्रार केली असेल तर तीच तक्रार अकरावी म्हणून आपल्या दारात येणार. आणि जमेल तेव्हा एक नग स्वतः मागवून महिनाभर वापरा. स्वतःच्या लिंकवरून स्वतः घेतलेल्या मालावर सहसा कमिशन मिळत नाही, तेव्हा तो खर्च धंद्याचा धरा.

सहावी चाळण: आता हिशेब. हा मुद्दाम शेवटी ठेवलाय. समजा 250 रुपयांची वस्तू, कमिशन शेकडा 6. एका नगाला 15 रुपये. वीस जणींनी चौकशी केली, चौघींनी घेतलं, एकीनं परत केलं. परत केलेल्या मालाचं कमिशन जातं. तिघींचे 45 रुपये. एवढंच. म्हणून वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूंच्या जोडीला, जून महिन्यात दप्तर-डबा, दिवाळीत भांडी, पावसाळ्याआधी छत्री-रेनकोट अशी सालाची यादी करा. पैसे लगेच येत नाहीत. परतीची मुदत संपल्यावर, महिना-दोन महिन्यांनी खात्यावर जमा होतात. पॅन कार्ड आणि स्वतःच्या नावाचं बँक खातं लागतं. प्रत्येक कंपनीच्या अटी वाचायच्या. अॅमेझॉनच्या योजनेत खातं उघडल्यापासून 180 दिवसांत किमान तीन विक्री व्हाव्या लागतात, नाहीतर खातं बंद होतं. काही कंपन्यांना तुमचं यूट्यूबचं किंवा फेसबुकचं पान नोंदवलेलं लागतं, आणि लिंक तिथंच टाकावी लागते. न वाचता व्हॉट्सॲपवर सगळीकडं पाठवलं तर केलेलं कमिशनही बुडू शकतं.

या सहा चाळण्यांच्या आधी एक दार आहे, ते विसरू नका. सामील व्हायला पैसे मागितले की तिथूनच परत फिरा. "पाच हजार भरा, खाली चार बायका जोडा, त्यांनी चार जोडल्या की तुम्हाला पैसे," हे अफिलिएट नव्हे, ही साखळी आहे. 2021 च्या डिसेंबरमध्ये आलेल्या केंद्र सरकारच्या थेट विक्रीच्या नियमांनी अशा साखळीला आणि प्रवेश फी घ्यायला मनाई केली आहे. साखळीत माल नावापुरता असतो. पैसे मालातून येत नाहीत, खालच्या बाईच्या डब्यातून येतात.

आणखी एक गोष्ट. कमिशन मिळतं हे लपवायचं नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे आणि परत तेच केलं तर 50 लाखांपर्यंत. तो माल बनवणाऱ्याला तसा माल चांगला आहे म्हणून सांगणाऱ्यालाही लागू होतो. आपण नीट चौकशी करून सांगितलं असेल तर कायदा ते धरतो. म्हणून चौकशी केल्याची नोंद वहीत ठेवा. सरकारनं 2023 च्या जानेवारीत सांगितलंय की मोबाइलवरून माल सुचवणाऱ्यानं कंपनीकडून काही मिळत असेल तर ते साध्या, सगळ्यांना कळेल अशा भाषेत सांगावं. बाईंना आधी लाज वाटायची. "कमिशन घेते म्हटल्यावर लोक काय म्हणतील?" आता त्या प्रत्येक वेळी पहिल्या वाक्यातच सांगतात: "या लिंकवरून घेतलंत तर मला थोडे पैसे मिळतात. तुम्हाला जास्त पडत नाहीत. दुकानात स्वस्त मिळालं तर दुकानातूनच घ्या." हे ऐकून गिऱ्हाईक कमी झालं नाही. उलट कुणीतरी विचारलं, "बाई, मग दुकानातला कुठला चांगला?" बाईंनी तेही सांगितलं. त्याचं कमिशन काही नाही. पण पुढच्या महिन्यात तीच बाई दप्तर विचारायला आली.

कुणाची फसगत झालीच, तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. मोबाइलवरून पैसे लुबाडले गेले तर लगेच 1930 ला फोन करायचा. हे दोन्ही नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता बाईंचं कसं चाललंय ते सांगते. भाचीनं त्यांना फेसबुकवर पान काढून दिलं. यादीत फक्त अकरा वस्तू आहेत. चित्रांची पुस्तकं, पाटी, ठोकळे, माती, स्टीलचा डबा, पाण्याची बाटली, असंच. प्रत्येक वस्तू बाईंनी हातात घेऊन दाखवली आहे. एका डब्याबद्दल तर त्या चक्क म्हणतात, "याचं झाकण घट्ट आहे, मोठ्या गटातल्या पोरांनाच द्या." पहिल्या तीन महिन्यांत मिळून 412 रुपये आले. पावडरीनं एका महिन्यात 1800 दिले होते. जून महिन्यात, शाळा सुरू होताना, 1900 च्या आसपास आले. एरवी सहाशे-सातशे. यात घर चालत नाही, हे मी तुम्हाला स्पष्ट सांगते. महिन्याची औषधं निघतात. कुणी तुम्हाला घरबसल्या महिना पन्नास हजार सांगत असेल तर त्याचा स्वतःचा माल तुम्हीच असता.

आणि त्या मावशी? बऱ्या आहेत. गोळ्या वेळेवर घेतात. गेल्या महिन्यात त्यांच्या मुलानं आपल्या मुलीसाठी चित्रांचं पुस्तक मागवलं. बाईंच्या लिंकवरून. बाईंनी मला फोन केला आणि नुसतं एवढंच म्हणाल्या, "अगं, त्यानं मागवलं." कमिशन साडेनऊ रुपये होतं. त्यांनी ते वहीत लिहिलं आहे.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीसाठी एक काम देते. गटात कुणी निवृत्त असेल, किंवा घरात निवृत्त माणूस असेल, तर वहीत एक पान करा. वर लिहा: मला कशातलं कळतं? त्याखाली तीन वस्तूंची नावं लिहा, ज्या तुम्ही स्वतः वापरल्या आहेत आणि सख्ख्या बहिणीला सुचवाल. मग प्रत्येक वस्तू सहा चाळण्यांतून काढा. गटातल्या सगळ्याजणींनी मिळून काढा, एकटीनं नको. माझ्यासारखी एखादी हिशेबवाली मध्येच शेवटच्या रकान्याखाली रेघ मारायला लागली तर तिच्या हातातलं पेन काढून घ्या.